‘होय’चे क्रियापद

गंगापूरच्या एका शाळेत नववीच्या वर्गात घडलेली गोष्ट तशी किरकोळच म्हणायची. इंग्रजीचा तास होता आणि फळ्यावर त्या दिवशीचा विषय लिहिलेला होता : क्वेश्चन टॅग. आदल्या दिवशी गैरहजर असलेल्या एका मुलीला शिक्षकांनी उभे केले आणि पाठाला धरूनच विचारले, ‘यू वेअर नॉट इल, वेअर यू?’ मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘यस सर.’ शिक्षकांनी त्याचा इंग्रजी अर्थ घेतला. आजारी होतीस, तर मग वडिलांची चिठ्ठी कुठे आहे? मुलगी गोंधळली. ती आजारी नव्हती. दिवस कापूस वेचणीचे होते आणि ती घरच्यांबरोबर शेतात गेली होती. हे लपवावे असे तिच्या मनातही नव्हते. ‘मी आजारी नव्हते सर, म्हणून तर यस म्हटलं,’ असे ती म्हणाली तेव्हा वर्ग हसला. शिक्षकही हसले, आणि त्यांनी नियम पुन्हा एकदा सांगितला. तेवढ्या अर्ध्या मिनिटापुरती मात्र ती मुलगी खोटे बोलणारी ठरली होती. आणि ठरली ती खरे बोलल्यामुळे.

या गोष्टीचा निकाल दोन प्रकारे लावता येतो. मुलीला नियम आला नाही, असे म्हणणे सोपे आहे. परीक्षेतला गुण त्याच हिशेबाने कापला जातो. ‘अ‍ॅड अ क्वेश्चन टॅग’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकांत इतका रुळलेला आहे, की ज्याला इंग्रजीचे एक वाक्य धड बोलता येत नाही असा विद्यार्थीही ‘इझन्ट इट’, ‘डझन्ट ही’ ही रूपे घोकून ठेवतो. विधान होकारी असेल तर शेपूट नकारी आणि विधान नकारी असेल तर शेपूट होकारी. नामाच्या जागी सर्वनाम. सहायक क्रियापद असेल तर तेच, नसेल तर ‘डू’चे योग्य ते रूप. चार ओळींचा नियम. दुसरा निकाल असा, की मुलीच्या उत्तरामागेही एक नियम होता, तो तितकाच काटेकोर होता, आणि तो तिला मराठीने शिकवलेला होता. या दुसऱ्या नियमाची दखल इंग्रजीच्या तासाला घेतली जात नाही. मराठीच्या तासाला तर तो नियम आहे याचीच वार्ता नसते.

गंगापूर हे औरंगाबाद जिल्ह्यातले, २०२३पासूनच्या नावाने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. एका अंगाला कायगावजवळ गोदावरी-प्रवरेचा संगम, दुसऱ्या अंगाला लासूरचे रेल्वे स्टेशन, आणि तालुक्याच्या पूर्वेला वाळूजची औद्योगिक वसाहत. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली तेथे सुरू झाला आणि त्यामागून इतर आले. त्यामुळे गंगापूरच्या मुलाला इंग्रजी हवी असते ती शेक्सपिअरसाठी नव्हे, मुलाखतीच्या टेबलासाठी. त्या टेबलापलीकडून जेव्हा ‘यू डोन्ट हॅव एनी एक्स्पीरिअन्स, डू यू?’ असा प्रश्न येतो, तेव्हा प्रामाणिकपणे दिलेले ‘यस सर’ हे उत्तर उमेदवाराला अनुभव असल्याचा दावा बनते. पुढच्याच प्रश्नात तो दावा कोसळतो. वर्गातल्या हशापुरते असलेले प्रकरण येथे पोटापाण्यापर्यंत येते.

मुलीच्या नियमाकडे आता वळता येईल. ‘तू आजारी नव्हतीस ना?’ या मराठी प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर बिनचूक आहे. मराठीतला ‘हो’ बोलणाऱ्याच्या म्हणण्याला मान देतो : तुम्ही म्हणता ते तसेच आहे. इंग्रजीतला ‘यस’ बोलणाऱ्याकडे बघत नाही, वस्तुस्थितीकडे बघतो : आजार होता की नव्हता. भाषाशास्त्रात या दोन उत्तरपद्धती वेगळ्या मानल्या जातात. पहिलीत उत्तर सहमती-असहमतीचे असते, दुसरीत होकार-नकाराचे. जपानी भाषा पहिल्या पद्धतीचे नेहमीचे उदाहरण म्हणून दिली जाते. मराठीचा कल, निदान ‘ना’ लावलेल्या नकारी प्रश्नापुरता, तिकडेच आहे. कल म्हणण्याचे कारण असे, की ‘तू आला नाहीस?’ या साध्या प्रश्नाला ‘हो, नाही आलो’ आणि ‘नाही, नाही आलो’ अशी दोन्ही उत्तरे मराठीत ऐकू येतात आणि दोन्हींनी घोटाळा होत नाही. घोटाळा का होत नाही? कारण मराठी माणूस नुसत्या ‘हो’वर किंवा नुसत्या ‘नाही’वर सहसा थांबत नाही. तो क्रियापद पुरवतो.

मराठीच्या संभाषणाची ही सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती सवय आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. ‘जेवलास का?’ — ‘जेवलो.’ ‘आई आहे का घरात?’ — ‘आहे.’ ‘उद्या येणार?’ — ‘येणार.’ ‘गाडी गेली?’ — ‘गेली की!’ येथे होकाराचा शब्द नाहीच. प्रश्नातले क्रियापद उचलून, पुरुष बदलून, परत दिले जाते. इंग्रजीची जी तोकडी उत्तरे, ‘यस, आय अ‍ॅम’, ‘यस, शी डझ’, ‘नो, दे हॅवन्ट’, म्हणून पाठ करून घेतली जातात, त्यांची बैठक याहून फार निराळी नाही. फरक एवढाच, की इंग्रजी मुख्य क्रियापद गाळून सहायक क्रियापद ठेवते आणि कर्त्याला सोडत नाही. मराठी कर्त्याला सोडते. त्याची खूण क्रियापदाच्या प्रत्ययात राहते. आणि कधी कधी तीही राहत नाही. ‘पोळी खाल्लीस का?’ या प्रश्नातल्या ‘स’मध्ये ‘तू’ दडलेला आहे. उत्तर येते, ‘खाल्ली.’ या उत्तरात खाणारा कोठेच नाही. क्रियापद पोळीकडे बोट दाखवते. कर्मणी प्रयोगाची ही लकब ज्याच्या जिभेवर आहे, त्याला ‘यस, आय हॅव’मधला ‘आय’ उगीचच पुढे पुढे करणारा वाटला, तर त्यात नवल नाही.

ही सवय घेऊन शाळेत येणारे मूल इंग्रजीत उत्तर देताना क्रियापद का टाकून देते? याचे उत्तर व्याकरणात शोधून सापडत नाही, ते हजेरीपटात सापडते. मूल शाळेत आल्यावर जे पहिले इंग्रजी शब्द मोठ्याने उच्चारते ते ‘यस सर’ किंवा ‘यस मॅडम’. महाराष्ट्रात कित्येक दशके इंग्रजी पाचवीपासून शिकवली जाई. २००० सालापासून ती पहिलीपासून आली. पण ‘यस सर’ त्याच्या किती तरी आधीपासून, वर्णमालेच्याही आधीपासून, आहे. हजेरीतला ‘यस’ कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही. नाव पुकारले गेले, मी येथे आहे, उभा आहे, एवढेच तो सांगतो. त्याच्या पुढे क्रियापद येऊच शकत नाही, आणि त्याच्या विरुद्ध ‘नो’ संभवतच नाही, कारण जो नाही तो उत्तर देत नाही. या ‘यस’चा ‘नो’शी कधी संबंधच आलेला नसतो. तो होकार नव्हे, ती हजेरी आहे. आणि पुढे शाळेतल्या प्रत्येक इंग्रजी प्रश्नाला मूल हीच हजेरी देत राहते.

त्याच्या जोडीला वर्गातला दुसरा टॅग असतो, तो मराठी : ‘कळलं ना?’ सगळा वर्ग एका सुरात लांबलचक ‘होऽऽ’ म्हणतो. ज्याला कळलेले नाही त्याचाही आवाज त्यात असतो, किंबहुना त्याचाच जरा मोठा असतो. रॉबिन लेकॉफ यांनी १९७५च्या ‘लँग्वेज अँड वूमन्स प्लेस’ या पुस्तकात टॅगप्रश्नांचा संबंध स्त्रियांच्या बोलण्यातल्या अनिश्चिततेशी, स्वतःच्या विधानावर ठाम न राहण्याशी, जोडला होता. त्यावर पुष्कळ वाद झाला. टॅग समोरच्याला बोलते करण्यासाठीही असतो, आणि अधिकाराच्या जागेवरून आला तर तो समोरच्याला गप्प करण्यासाठीही असतो, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले. ‘कळलं ना?’मध्ये अनिश्चिततेचा लवलेश नाही. फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक विधानाचा हवाला समोरच्यांकडे मागतो खरा, पण तो नाकारण्याची सोय ठेवत नाही.

मराठीच्या या शेपट्यांची व्याकरणाने जेवढी उपेक्षा केली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची केली असेल. शालेय व्याकरणात अव्ययांचे चार वर्ग सांगतात : क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. ‘येतोस ना?’ मधला ‘ना’ यांपैकी कोणत्याही घरात नीट बसत नाही. फार तर त्याला पादपूरक म्हणायचे, पालुपद म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. वास्तविक ‘येतोस ना?’, ‘येतोस की नाही?’, ‘येतोस नव्हे?’ या तिन्हींत माणसामाणसांतले तीन वेगळे अंतर आहे. पहिल्यात आर्जव आहे, दुसऱ्यात दटावणी, तिसऱ्यात आधीच ठरलेल्या गोष्टीची फक्त खातरजमा. ‘दे ना’, ‘बस ना’ असा तो आज्ञार्थालाही चिकटतो आणि आज्ञेची विनवणी करून टाकतो. ‘आहे ना!’ असा उत्तराला चिकटला तर विनवणी जाऊन ठामपणा येतो. एक अक्षर आणि एवढी कामे! पण यांतले एकही काम कर्त्याच्या लिंग-वचन-पुरुषाशी किंवा क्रियापदाच्या काळाशी संबंधित नाही. इंग्रजीचा टॅग विधानाच्या व्याकरणाशी बांधलेला असतो. मराठीचा टॅग ऐकणाऱ्याशी बांधलेला असतो. मराठी मुलाने सगळ्या वाक्यांना सरसकट ‘इझन्ट इट’ लावले, ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ असे म्हटले, तर तो इंग्रजी शब्दांत मराठी ‘ना’ बोलत असतो.

हे काही गंगापूरचेच वैशिष्ट्य नाही. फ्रेंच, जर्मन यांसारख्या युरोपीय भाषांचेही टॅग असेच न बदलणारे आहेत. जगाच्या चालीने पाहिले तर अपवाद इंग्रजीचा आहे. भारतीय इंग्रजीतल्या सरसकट ‘इझन्ट इट’वर राकेश भट्ट यांनी लिहिले आहे. ते त्याला चूक मानत नाहीत. समोरच्यावर विधान न लादता बोलण्याच्या भारतीय शिष्टाचाराचे ते व्याकरण आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे आकर्षक आहे. पण ते पुरते स्वीकारणे जड जाते, कारण त्यात ‘इझन्ट इट’ एका आख्ख्या संस्कृतीचे प्रतीक होऊन बसते आणि गंगापूरच्या मुलीचा प्रश्न, म्हणजे तिचे खरे उत्तर खोटे कसे ठरले हा, तसाच उरतो. शिष्टाचाराचा मुद्दा टॅग लावणाऱ्याचा आहे. अडचण येते ती टॅगला उत्तर देणाऱ्याची.

या ठिकाणी ‘होय’ या शब्दाकडे थोडे निरखून पाहण्यासारखे आहे. ‘होय’ हे मुळात अव्यय नव्हेच. ते ‘होणे’ या धातूचे तृतीय पुरुषी एकवचनी रूप आहे. संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’, मराठी ‘होय’. म्हणजे ‘होय’ असे उत्तर देणारा मराठी माणूस अर्थाच्या दृष्टीने ‘इट इज’ असेच म्हणत असतो. ‘नव्हे’ म्हणजे त्याच क्रियापदाला ‘न’ लागून झालेले रूप. जुन्या मराठीत ‘नोहे’ असेही ते आढळते. ‘नाही’ म्हणजे ‘न’ आणि ‘आहे’. ‘नाही’ला तर अजून पुरुष-वचनाचे प्रत्यय लागतात : आहेस-नाहीस, आहेत-नाहीत. मराठीचे होकार-नकाराचे शब्द असे सगळे सहायक क्रियापदांच्या थिजलेल्या किंवा अर्धवट थिजलेल्या रूपांचे आहेत. ‘नव्हे का?’ याचे शब्दशः इंग्रजी करायचे झाले तर ते नेमके ‘इझन्ट इट?’ असेच होईल. म्हणून मराठी माणूस जेव्हा ‘इझन्ट इट’ हा टॅग थिजवून सगळीकडे वापरतो, तेव्हा तो काही नवे करत नाही. स्वतःच्या भाषेने ‘होय’ आणि ‘नव्हे’चे जे शतकांपूर्वी केले, तेच इंग्रजीवर पुन्हा करतो. ग्रामीण बोलीतले ‘जेवलास नव्हं?’ हे त्याचे जिवंत रूप.

इंग्रजीच्या ‘यस’चीही घडण अशीच असावी, असे व्युत्पत्तिकार सांगतात, प्राचीन इंग्रजीतला होकारार्थी शब्द आणि ‘असो’ या अर्थाचे क्रियारूप यांच्या संधीतून तो आला. त्या भाषेत एकेकाळी दोन होकार आणि दोन नकार होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’. नकारी प्रश्नाला ‘यस’ आणि ‘नो’. बायबलच्या भाषांतरात विल्यम टिंडेल यांनी ‘ने’च्या जागी ‘नो’ वापरल्याबद्दल टॉमस मोर यांनी १५३२ साली त्यांना जाहीर बोल लावले, आणि गंमत अशी की नियम सांगताना मोर स्वतःच चुकले. (मोर १५३५त आणि टिंडेल १५३६त देहदंडाला सामोरे गेले, अर्थात ‘ने’ आणि ‘नो’साठी नव्हे.) पुढे ही जोडव्यवस्था मोडली आणि दोनच शब्द उरले. नकारी प्रश्नाला होकार देण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘सी’ आणि जर्मनमध्ये ‘डॉख’ अजून टिकून आहेत. इंग्रजीने ती सोय गमावली आणि उत्तरामागे सहायक क्रियापद जोडून आपले काम भागवले. ज्या नियमावर लंडनमध्ये इंग्रजीचे पंडित चुकत होते, त्याच्या वारशावर गंगापूरची नववी अडखळली तर तिला फार हसण्याचे कारण नाही.

इंग्रजीत ही तोकडी उत्तरे कोठून आली याविषयी थिओ फेनेमान यांनी २००९ साली एक मत मांडले आहे. केल्टिक भाषांत, उदाहरणार्थ वेल्शमध्ये, सगळीकडे चालेल असा ‘हो’साठी एकच शब्द नाही. प्रश्नातले क्रियापदच उत्तरात परत द्यावे लागते. इंग्रजी शिकलेल्या केल्टिक लोकांनी ही आपली सवय इंग्रजीत नेली, असे ते मत आहे. ते सर्वमान्य नाही. पण त्यात एक मोठी मौज दडलेली आहे. ज्या वेल्श लोकांकडून इंग्रजीला ‘यस, आय अ‍ॅम’ मिळाले असे म्हणतात, त्यांच्याच इंग्रजीत ‘इझन्ट इट’ हा न बदलणारा टॅग प्रसिद्ध आहे. क्रियापदाने उत्तर देणारी भाषा आणि सरसकट ‘इझन्ट इट’ लावणारी इंग्रजी, ही जोडी वेल्समध्येही आहे आणि गोदावरीकाठीही आहे.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक थर आहे. १९४८पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सगळे विषय उर्दूतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी व्यवस्था होती. त्या पिढीच्या तोंडी अधिकाऱ्यासमोरचा होकार ‘जी’ होता. ‘जी’ हाही हजेरीचाच शब्द. ‘यस सर’चा वडील भाऊ. उलट दिशेने मराठीचा ‘नको’ दख्खनीत गेला आणि तेथे ‘नक्को’ होऊन हैदराबादेपर्यंत सुखाने नांदतो आहे. वरून खाली होकार आला आणि खालून वर नकार गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण भाषेचा इतिहास इतका सोयीचा नसतो.

नुसत्या ‘हो’वर विश्वास न ठेवणारी एक संस्था मात्र प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे, आणि ती म्हणजे न्यायालय. उलटतपासात वकील सूचक प्रश्न विचारतो : ‘तुम्ही त्या वेळी तेथे नव्हता, हे खरे ना?’ साक्षीदार ‘हो’ म्हणतो किंवा ‘नाही’ म्हणतो. पण साक्षीच्या कागदावर ते तसे उतरत नाही. तेथे लिहिले जाते, ‘हे खरे आहे की, मी त्या वेळी तेथे नव्हतो’, किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या वेळी तेथे नव्हतो’. मराठी गद्याचे भोक्ते या वाक्यरचनेला नाके मुरडतात. तिचा इंग्रजी वळणाचा सांगाडा उघडच दिसतो. परंतु या बोजड सूत्राने एक फार मोठे काम केलेले आहे. प्रश्न आणि उत्तर एकत्र विणून ते साक्षीदाराच्या ‘हो’ला त्याचे क्रियापद परत देते. त्याची सहमती वकिलाशी की वस्तुस्थितीशी, हा घोळ तेथे शिल्लक राहत नाही. ज्याच्या ‘हो’वर जमीन किंवा जन्मठेप अवलंबून आहे त्याच्यासाठी भाषेने घेतलेली ही खबरदारी आहे. नाटककारांनाही ती ठाऊक असते. विजय तेंडुलकरांच्या १९६७च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटीच्या खटल्याचे सगळे बळ सूचक प्रश्नांत आहे, आणि आरोपी असलेली शिक्षिका बेणारे त्या प्रश्नांना जे मौन देते ते म्हणजे हजेरी देण्यास नकार. तिचे दीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा बाकीचे न्यायालय गोठलेले असते; प्रश्न थांबल्याशिवाय तिला क्रियापद सापडत नाही. अशा संहितेच्या इंग्रजी भाषांतरकाराला प्रत्येक ‘ना’पाशी थांबून कर्ता कोण, काळ कोणता, होकार की नकार, हे ठरवावे लागते. मूळ मराठीत जे पात्रांमधल्या ताणावर सोडून दिलेले होते त्याला व्याकरणाचा चेहरा द्यावा लागतो. मराठीतल्या भाषांतरमीमांसेने रूपके आणि म्हणी यांच्या भाषांतराची भरपूर चर्चा केली. ‘ना’कडे तिचे लक्ष गेलेले नाही.

वर्गाकडे परतायचे, तर नियमाच्या ज्या भागात मुले सर्वांत जास्त चुकतात तो भाग ‘डू’चा आहे. ‘शी इज टायर्ड’ या वाक्याला टॅग लावणे जमते, कारण ‘इज’ डोळ्यांना दिसतो. ‘ही गोज टु स्कूल’ या वाक्यात ‘डझ’ कोठेच दिसत नाही. मग ‘डझन्ट ही’ आले कोठून? शिक्षक सांगतात की ‘गोज’मध्ये ‘डझ’ लपलेला आहे. मुलांना ही जादू वाटते आणि ती पाठ करतात. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेपासून महाराष्ट्रात इंग्रजी शिकली गेली ती मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून. तो मार्ग पुढे जुनाट ठरवला गेला आणि मराठीला इंग्रजीच्या वर्गात यायला बंदी झाली. त्या बंदीने काय गेले ते येथे दिसते. ‘तू जातोस’ या वाक्याचा मराठी मुलगा नकार करतो तेव्हा तो ‘तू नाही जातोस’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तू जात नाहीस.’ एका शब्दाचे क्रियापद फुटते, ‘जात’ वेगळे होते, आणि ‘जातोस’च्या शेवटी असलेला ‘स’ उठून ‘नाही’ला जाऊन बसतो. ‘ही गोज’चा नकार ‘ही डझन्ट गो’ होतो तेव्हाही नेमके हेच घडते : क्रियापद फुटते, आणि ‘गोज’च्या शेवटचा ‘स’ उठून ‘डू’ला जाऊन बसतो. दोन्ही ‘स’ वेगळ्या कुळांतले आहेत, एक द्वितीय पुरुषाचा आणि एक तृतीय पुरुषाचा. त्यांचे साम्य योगायोगाचे. पण चाल एकच आहे. जी गोष्ट तीन वर्षांचे मूल गंगापूरच्या कोणत्याही अंगणात बिनचूक करते, तिलाच नववीत इंग्रजीची जादू म्हणून समोर ठेवले जाते. विद्यापीठांतल्या मराठी आणि इंग्रजी विभागांत बहुधा एका जिन्याचेच अंतर असते. पण तो जिना चढून हा ‘स’ कोणी पलीकडे नेला नाही.

त्या शिक्षकांनी नंतर एक गोष्ट केली. हशा ओसरल्यावर दोन-तीन दिवसांनी त्यांनी त्याच मुलीला पुन्हा उभे केले आणि या वेळी मराठीतच विचारले, ‘परवा तू आजारी नव्हतीस ना?’ सवयीने अर्ध्या वर्गाने तिच्या वतीने ‘होऽऽ’ म्हणून टाकले. ती मात्र म्हणाली, ‘नव्हते.’ त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली लिहिले, ‘आय वॉझन्ट’. ‘नव्हते’मधला ‘न’ कोठे गेला, ‘होते’ कोठे गेले आणि ‘मी’ कोठून आला, ते त्यांनी खडूने बाण काढून दाखवले. ते तिला पटले. मग त्यांनी ‘आय वॉझन्ट’च्या आधी ‘नो’ लिहिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती त्या ‘नो’कडेच बघत होती. सर म्हणतात ते खरे आहे, मग त्यांना ‘नो’ का म्हणायचे, हे तिला अजून पटलेले नव्हते.